‘वेगळं निघणं’ आणि वेगळं राहणं

आजचा विषय आहे, घराबाहेर स्वतंत्र राहायचा प्लॅन.

बीटेकसाठी होस्टेलवर जाणं, नोकरीसाठी पुण्याला जाणं, याला आमच्या तेल्हाऱ्यात कोणी अडवत नाही. उलट पेढे वाटतात. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्यासारखे कितीतरी जण लॅपटॉप घेऊन गावी आले आणि काही इथंच राहिले. आता नोकरी आहे, घर आहे, आईच्या हातचं जेवण आहे. अशात पोरगं म्हणतं, मला अकोल्यात रूम घ्यायची आहे. मग अडतं.

माझं कारण साधं आहे. रात्री साडेदहाला माझा कॉल असतो आणि तेवढ्यासाठी घरातला टीव्ही बंद होतो. शिवाय स्वतःचा खर्च, स्वयंपाक, आजारपण आपण सांभाळू शकतो का, हे एकदा बघायचं आहे. घरी हे बोललो, तर बाबा म्हणाले, “कावून? कोनी काई म्हटलं का तुले?” आणि आई म्हणाली, “वेगळा निघून राह्यला का तू?”

हा ‘वेगळा’ शब्द नीट ऐका. वऱ्हाडात वेगळं निघणं म्हणजे भावाभावांत वाटणी, दोन चुली, सातबाऱ्यावर वेगळी नावं. आपली जनगणनासुद्धा कुटुंब धरते ते चुलीवरूनच: एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. आपण म्हणतो प्रायव्हसी, त्यांना ऐकू येतं भांडण.

म्हणून आधी काय बदलणार नाही, ते सांगा. भाड्याची रूम घेतली म्हणून वडिलोपार्जित जमिनीतला हक्क जात नाही. मुलींचाही नाही, २००५ च्या दुरुस्तीनं त्यांना मुलाइतकाच हक्क दिलाय. “लग्न करून जाशीलच, मग आत्ता कशाला?” हे ऐकणाऱ्या मैत्रिणींनी एवढं लक्षात ठेवा. आणि जबाबदारीही जात नाही. आई-वडिलांना सांभाळण्याचा २००७ चा कायदा आहे, त्यात मूल कोणत्या गावात राहतं याची सवलत नाही.

मग आकडे सांगा. भाडं किती, डिपॉझिट किती, घरी दर महिन्याला किती देणार. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणते शनिवार-रविवार घरी असणार, तेही सांगा. “येत जाईन” म्हणू नका, तारीख सांगा.

आणि भाडेकराराचा कागद पक्का करा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही.

बाबांचा होकार अजून यायचा आहे. पण परवा त्यांनी विचारलं, “भाडं किती म्हनते थो?” भांडणाची गोष्ट आता हिशोबावर आली, हे काही कमी नाही.

तुम्ही घरी हे कसं बोललात? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!