एका फोटोत मावत नाही ते सोळा फोटोंत मावतं

मोहोळ तालुक्यातल्या गटांच्या बैठकांत मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला, की एक वाक्य आमच्या कानावर हमखास येतं. "पोरीला तारे-ग्रह लई आवडतात, पण दुर्बीण, कॅमेरा आपल्या ऐपतीचं काम नाही." आवड पैशापायी सुटली, की तो विषयही मागं पडतो. म्हणून आज बिनपैशाच्या एका वाटेविषयी बोलू.

हुरड्याच्या दिवसांत रात्री नऊ-दहाला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. त्यातल्या तीन ताऱ्यांच्या रेघेखाली एक धुरकट ठिपका दिसतो. तो तेजोमेघ. तिथं नवे तारे जन्मतात. तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे 1300 वर्षं लागतात. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माआधीच तो वाटेला लागलेला.

मोबाईलनं त्याचा एक फोटो काढला, तर नुसते रवाळ दाणे दिसतात. उजेड कमी पडतो, म्हणून ते दाणे उठतात. बरं, कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा, तर पृथ्वी फिरते. तारे चार मिनिटांत एक अंश सरकतात आणि ठिपक्याची रेघ होते.

यावर उपाय म्हणजे थोड्या थोड्या वेळाचे पुष्कळ फोटो काढायचे आणि एकावर एक रचायचे. पातळ कागदावर ठिपक्यांची रांगोळी काढून कागद एकावर एक ठेवले, तर आपण आधी ठिपक्याला ठिपका जुळवतो. कॉम्प्युटर तसाच ताऱ्याला तारा जुळवतो. मग सगळ्या फोटोंची सरासरी काढतो. तारा प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, म्हणून टिकतो. दाणे दर वेळी वेगळ्या जागी पडतात, म्हणून विरतात. सुपात ज्वारी पाखडल्यासारखंच हे. चार फोटोंत दाणे निम्मे होतात, सोळांत पाव.

हे काम करणारी दोन सॉफ्टवेअर फुकट मिळतात. एक डीपस्कायस्टॅकर, दुसरं सिरिल. दोन्ही विंडोजच्या कॉम्प्युटरवर चालतात. ती मुक्त आहेत. म्हणजे शेंगा चटणीची कृती कुणी सगळ्यांसमोर मांडावी, तशी त्यांची कृती उघडी आहे. कुणीही वापरावी, वाचावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी.

आता कृती ऐका. अमावस्येच्या आसपासची रात्र धरा. मोबाईल विटांच्या आधारानं घट्ट बसवा. कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर वेळ 8 ते 10 सेकंद ठेवा आणि टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. तीस-चाळीस फोटो घ्या. मग भिंगावर काळं कापड झाकून, बाकी काहीही न बदलता, दहा-पंधरा फोटो घ्या. ते काळेच येतील, पण कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग त्यातून कळतात आणि सॉफ्टवेअर ते वजा करतं. डीपस्कायस्टॅकरमध्ये आधी 'रजिस्टर' म्हणजे जुळवणी करायची, मग 'स्टॅक' म्हणजे रचणी.

एक सावधगिरी. सॉफ्टवेअर त्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्या. कुणी पैसे, बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागितला, तर तिथंच थांबा.

हे काही पोरखेळ नाही. आकाशाचे मोठे अभ्यासकही अनेक फोटो जुळवूनच अंधूक वस्तू पाहतात. पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी माणसांना आकाशाची ओळख करून देते आहे. हौसेनं सुरू झालेला अभ्यास किती लांब जातो, ते तिथं दिसतं.

आपल्या वस्त्यांवर अजून अंधार शिल्लक आहे. शहरातल्या मुलींना तो पैसे देऊनही मिळत नाही. आपल्या मुलींना मात्र अंधारात एकटीनं बाहेर थांबू दिलं जात नाही, आणि ती काळजी खोटी नाही. तिला उत्तर सोबतीचं. गटातल्या दोघी-तिघींनी महिन्यातून एक रात्र मुलींबरोबर गच्चीवर बसायचं. शाळेतला कॉम्प्युटर तासभर मिळावा म्हणून सरांना, बाईंना विचारायचं. येत्या बैठकीत हे दोन ठराव मांडा. खर्च काही नाही, जागरण तेवढं आहे. आणि जागरणाची तर आपल्याला सवयच आहे.