केमोतून वाचलेल्या पेशी

आकुर्डीच्या कामगार वस्तीत एखादं पोर कॅन्सरमधून उठलं की अख्खी चाळ पेढे खाते. पुढे त्याच पोराचं लग्न निघालं की आई हळूच विचारते, "याला मूलबाळ होईल ना?"

शंका रास्त आहे. वृषणातल्या बारीक नळ्यांमध्ये मूळ बीजपेशी विभागत राहतात आणि त्यांतून शुक्राणू घडायला साधारण अडीच महिने लागतात. केमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात, त्यात याही सापडतात. काहींचे शुक्राणू काही वर्षांनी परततात, काहींच्या वीर्यात एकही दिसत नाही.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. पूर्णा कुरकुरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच तरुणांच्या वृषणाचे तुकडे तपासले. लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेले, पण शुक्राणू नसलेले हे तरुण. 2015 साली त्यांनी निष्कर्ष छापले: ओसाड नळ्यांमध्येही तांबड्या रक्तपेशीहून लहान अशा गोल पेशी शिल्लक होत्या. परळमध्येच, राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत, डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने निरोगी वृषणात अशा पेशी 2010 मध्ये नोंदवल्या होत्या. मूळ पेशींची (स्टेम सेलची) खूण मानलं जाणारं ऑक्ट-4 हे प्रथिन त्यांच्या केंद्रकात सापडतं. पेरणीसाठी उतरंडीत राखलेल्या बियाण्यासारख्या त्या निपचित असतात, म्हणून केमोतून वाचतात, असं या संशोधकांचं म्हणणं.

सगळ्या शास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही. शिवाय ऑक्ट-4 दिसलं म्हणजे शुभशकुनच, असंही नाही. डेन्मार्कच्या नील्स स्काकेबेक यांना 1972 मध्ये मूल न होणाऱ्या पुरुषांच्या वृषणात विचित्र बीजपेशी आढळल्या, त्या कॅन्सरची पहिली पायरी निघाल्या. त्यांच्यातही हेच प्रथिन असतं.

तेव्हा 'स्टेम सेलने हमखास मूल' अशा जाहिरातीपायी पीएफ मोडू नका. ही अजून मान्य उपचारपद्धती नाही. मुलगा वयात आला असेल, तर केमोची पहिली बाटली लागण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. लहानग्यांमध्ये शुक्राणूच नसतात. त्यांच्या वृषणाचा तुकडा गोठवणं अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. आणि उपचार पूर्वीच झाले असतील, तर लग्नाआधी वीर्यतपासणी करून घ्या. लाज बाळगण्यासारखं त्यात काही नाही.