चार पावलांचा उजेड



कामगार चळवळीतल्या माणसाने कॅमेऱ्यावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु अर्जाला छायाचित्र जोडले की अर्जाचे वजन वाढते, आणि अंधारात काढलेले छायाचित्र बहुधा फसते, या दोन्ही गोष्टी मी अनुभवाने शिकलो आहे.

एका कारखान्यात जिन्यावर दिवा नव्हता. रात्रपाळीचा एक कामगार पडला, त्याचा पाय मोडला. मी खिशातला लहान डिजिटल कॅमेरा घेऊन गेलो आणि जिन्याच्या तोंडाशी उभा राहून फ्लॅश उडवला. चित्रात काय आले? जवळचा कठडा चुन्यासारखा पांढरा, हवेतल्या धुळीचे पांढरे ठिपके, आणि पायऱ्यांच्या जागी काळोख! साहेबांनी विचारले, "यात जिना कुठे आहे?" मला उत्तर देता आले नाही.

मग मी या विषयाच्या मागे लागलो. फ्लॅशचा हिशेब साधा आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झाले की नववा. लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण तीन-चार मीटरच कामाचा. मागच्या रांगेतून व्यासपीठावर फ्लॅश उडवणाऱ्याच्या पदरी पुढच्या लोकांची डोकी पडतात! झूम केल्याने वक्ता मोठा दिसतो, उजेड काही लांब जात नाही. तेव्हा पुढे जावे. पुढे जाता येत नसेल, तर फ्लॅश बंद करून कॅमेरा भिंतीवर टेकवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

दुसऱ्या खेपेस मी तसेच केले. पायरीवर कॅमेरा टेकवला. जिना स्वच्छ दिसला, पण नवी अडचण उभी राहिली. कॅमेऱ्याने बराच वेळ डोळा उघडा ठेवून मिळेल तेवढा उजेड गोळा केला होता. चित्र पाहणारा म्हणेल, येथे तर भरपूर उजेड आहे! फ्लॅशने पायरी दाखवावी, तर अंधार नाहीसा होतो. फ्लॅशवाचून दाखवावी, तरी तेच. छायाचित्र खोटे बोलत नाही, पण सगळे सांगतही नाही. शेवटी दोन पावलांवर जाऊन मी दिव्याच्या रिकाम्या होल्डरचे फ्लॅशने चित्र घेतले, फुटलेल्या पायरीचे वेगळे घेतले, आणि खाली तारीख, वेळ व दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आठवड्याने दिवा लागला.

आणखी एक गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाच्या वार्ताहराने मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवून गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांची चित्रे घेतली. 1890 साली त्याचे पुस्तक निघाले आणि सुखवस्तू लोकांना त्या खोल्या दिसल्या. हे काम मोठे होते. पण मध्यरात्री झोपेतून दचकून उठलेल्या माणसांना कोणी विचारले होते काय? एकदा तर अशा भडक्याने घरालाच आग लागली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपला फ्लॅश चार पावलांचा आहे, तेव्हा जवळ जावेच लागेल. जवळ गेलोच आहोत, तर बटण दाबण्यापूर्वी समोरच्या माणसाला विचारावे. त्या कामगाराच्या मोडक्या पायाचे चित्रही मला हवे होते. तो नको म्हणाला. मी ते काढले नाही.