वंशावळीत लेकी कुठे आहेत?

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करते. काही वर्षांपूर्वी छत्तीस वर्षांचा एक रुग्ण आमच्याकडे दाखल झाला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आतड्याला आतून शेकडो पॉलिप, म्हणजे मांसाचे बारीक कोंब. वडीलही चाळिशीत 'पोटाच्या दुखण्याने' गेलेले. डॉक्टर म्हणाल्या, हा घराण्यात उतरणारा आजार दिसतोय, रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांची यादी करा.

मी कागद घेऊन बसले. भावंडं किती? "आम्ही दोघे भाऊ." पायथ्याशी बसलेली आई हळूच म्हणाली, "आणि दोघी बहिणी." त्यावर तो म्हणाला, "त्या दिल्या घरी गेल्या. त्यांचं कशाला?"

बहिणींबद्दल त्याच्या मनात वाईट नव्हतं. आपल्याकडे वंशावळ लिहितातच अशी. बाप, मुलगा, नातू. लेक सासरी गेली की तिची ओळ संपली. पण आजार ही वंशावळ मानत नाही.

या आजाराला डॉक्टर एफएपी म्हणतात. पाचव्या गुणसूत्रावरच्या एपीसी नावाच्या जनुकातल्या दोषामुळे तो होतो. आई किंवा बाप, कुणा एकात दोष असला तरी प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, फरक नाही. कोंब बहुधा किशोरवयातच येऊ लागतात. उपचार झाले नाहीत तर पन्नाशीच्या आत जवळजवळ प्रत्येकाला कॅन्सर होतो. आणि दर चार रुग्णांमागे साधारण एकात हा दोष नव्यानेच आलेला असतो, आईबापांत नसतो. तेव्हा "सुनेच्या माहेरचं रक्त" असं कुणी म्हणू लागलं, तर हे जरूर सांगा.

रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांची तपासणी म्हणूनच त्रास सुरू होण्याआधी करायची असते. दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान पहिली, पुढे दर एक-दोन वर्षांनी. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाने 1924 पासून अशा कुटुंबांची नोंदवही ठेवली. पुढे इतर देशांतही ती पद्धत आली. या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली. त्रास होतो म्हणून आपणहून आलेल्यांत पुष्कळांना कॅन्सर झालेला होता. नातेवाईक म्हणून बोलावून तपासलेल्यांत तो फारच कमी निघाला. बोलावणं जीव वाचवतं. पण ज्यांचं नावच यादीत नाही, त्यांना बोलावणार कोण?

आता माझी चूक सांगते. आईकडून नंबर घेऊन मी दोन्ही बहिणींना फोन केले. थोरली स्वतः बोलली, आली. कोंब सापडले, कॅन्सर नव्हता. वेळेत शस्त्रक्रिया झाली. धाकटीचा म्हणून दिलेला नंबर तिच्या नवऱ्याचा होता. मी त्यालाच सगळं सांगून टाकलं, आजार आनुवंशिक आहे हेसुद्धा. घरात एकच गदारोळ झाला. "खोटं सांगून पोरगी गळ्यात मारली." चार महिने तिला पाठवलं नाही. तिच्या शौचातून दोन वर्षं रक्त जात होतं, मूळव्याध म्हणून औषध चालू होतं. ती आली तेव्हा कॅन्सर आतड्याबाहेर पसरला होता. ते चार महिने मिळाले असते तर काय झालं असतं, कुणी सांगू शकत नाही. पण ते माझ्यामुळे गेले. आता बाईशी थेट बोलणं होईपर्यंत मी कुणालाही काही सांगत नाही.

तपासणीची भीती बायकांना का वाटते, तेही पाहू. आदल्या दिवशी पातळ आहार, मग औषध घातलेलं दोन-तीन लिटर पाणी प्यायचं, आतडं पूर्ण साफ होईपर्यंत जुलाब. ज्यांच्या घरात संडास आहे त्यांना यात काही वाटणार नाही. पण वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला रात्री दहा-बारा खेपा कशा घालायच्या? आम्ही अशा बाईला आदल्या दिवशीच वॉर्डात घ्यायला लावतो. भांडावं लागतं, पण मिळतं. प्रत्यक्ष तपासणीत झोपेचं औषध देतात. कॅमेरा असलेली लवचीक नळी शौचाच्या वाटेने आत जाते. बाई डॉक्टर हवी असेल तर मागावी, सोबत बाई परिचारिका तर हवीच.

आणखी एक. रुग्णातला नेमका दोष सापडला असेल, तर नातेवाइकांची रक्त तपासून तो आहे की नाही हे कळू शकतं. नसेल तर दर वर्षीच्या कोलोनोस्कोपीतून सुटका. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कॅन्सरसाठी सल्ला मिळतो. कोंब फार असतील तर मोठं आतडं काढावं लागतं. काही प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहण्याची शक्यता कमी होते. तरुण मुलीला हे आधी सांगितलं पाहिजे, आणि सांगायचं ते तिलाच. नुसती वडिलांची सही घेऊन भागणार नाही.

आपल्या गटांनी काय करावं? पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झालेलं कुणी भेटलं, की घरातल्या म्हाताऱ्या बाईला गाठा. कोण कोणत्या वयात कशाने गेलं, हे तिला ठाऊक असतं. तिच्याकडून मुली, भाच्या, नाती सगळ्यांची नावं लिहून घ्या. शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका. आणि आजाराची गोष्ट लग्नाच्या बाजारात जाणार नाही, ही जबाबदारी आपली.

त्या आजींनी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं, तर थोरलीही यादीत नसती.