दुखापतीनंतरचा खेळाडू



खालिद जमील हे नाव आज देशाच्या फुटबॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांचं खेळणं कसं थांबलं, हे फारसं कुणी बोलत नाही. महिंद्रा युनायटेडनं 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा मधल्या फळीत खेळणारे जमील त्या संघात होते. 2007 साली मुंबई एफसी हा नवा क्लब उभा राहिला आणि ते तिकडे गेले. मात्र दुखापतींनी असं गाठलं, की नव्या क्लबकडून त्यांना एकही सामना खेळता आला नाही. 2009 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी खेळणं सोडलं.

त्याच वर्षी त्याच क्लबनं त्यांच्या हाती संघाचं प्रशिक्षण दिलं. ते काम त्यांनी 2016 पर्यंत केलं. मग ते मिझोरामला गेले. आयझॉल एफसी हा क्लब आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून तो आय-लीगमध्ये राहू शकला. त्या क्लबला घेऊन जमीलनी 30 एप्रिल 2017 रोजी लीग जिंकली. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पुढच्याच महिन्यात मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला हरवून भारतानं तिसरा क्रमांक मिळवला.

शरीर थांबलं, तरी खेळाची जाण थांबत नाही. तिला वाव देणारा कुणीतरी वेळेवर भेटावा लागतो. जमीलना तो भेटला. आपल्या भिवंडीतल्या पोरांना कोण भेटतं?

आपलं शहर यंत्रमागांचं. मागावर बारा-बारा तासांची पाळी उभ्यानं करायची आणि सुटीच्या दिवशी मैदान गाठायचं, अशी कितीतरी मुलं आहेत. पाय आधीच थकलेले. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी टणक, पावसाळ्यात चिखल. धावता धावता वळताना पाय रुततो, गुडघा आतल्या बाजूला फिरतो, आवाज येतो आणि मुलगा खाली बसतो. कुणाचा धक्कासुद्धा लागलेला नसतो. गुडघ्याचं लिगामेंट बहुतेक वेळा असंच फाटतं.

पुढे काय होतं, तेही आपण पाहतो. मालीश होते, पट्टी बांधली जाते, सूज उतरली की आठ-पंधरा दिवसांत पोरगा पुन्हा स्पर्धेत उतरतो. सैल झालेला गुडघा परत फिरतो आणि आतली गादीही फाटते. मग फुटबॉल तर जातोच, मागासमोर उभं राहणंही अवघड होतं. आपल्याकडे गुडघा गेला की पोटावरच येतं.

यातलं पुष्कळ टाळता येतं. फिफानं तयार केलेला 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा सराव आहे. धावणं, तोल सांभाळणं, उडी मारून गुडघा सरळ ठेवत उतरणं, मांड्यांची ताकद वाढवणं, एवढंच त्यात आहे. तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. त्याला पैसे लागत नाहीत. दुखापत झालीच, तर खेळ तिथेच थांबवा, बर्फ लावा, पाय उंच ठेवा, मालीश करू नका आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, तर किमान नऊ महिने मैदानावर घाई नको.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. चषकाची उंची थोडी कमी करा, पण मैदानाच्या कडेला बर्फ, स्ट्रेचर आणि प्रथमोपचार जाणणारा माणूस ठेवा. आणि ज्याचं खेळणं थांबलं, त्या मुलाला घरी बसू देऊ नका. त्याला लहान मुलांच्या सरावाला बोलवा, शिट्टी हातात द्या, रेफ्रीच्या परीक्षेला बसवा, प्रशिक्षकाच्या डी लायसन्सची फी मंडळातर्फे भरा. पुढचा प्रशिक्षक आपल्याच गल्लीतून घडवायचा असेल, तर ही सुरुवात या हंगामापासूनच करा.