धाराशिवची लेणी आणि रामलिंगची दरी
(संस्थेच्या वर्षावास समारोप कार्यक्रमात केलेले भाषण)



श्रावणात आपल्या संस्थेची सहल धाराशिवची लेणी आणि येडशीचा रामलिंग घाट पाहून आली. त्या सहलीविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली म्हणून आम्ही उभे आहोत. सहलीचा जमाखर्च चिटणीसांनी सांगितलाच आहे. आम्हाला सांगायचा आहे तो लेण्यात एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न. त्या प्रश्नाने आमची झोप उडवली.

धाराशिव शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर बालाघाटाच्या डोंगरात ही लेणी आहेत. २०२३ साली उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. तेव्हापासून हे नाव रोज वर्तमानपत्रात येते; पण जिल्ह्यातल्याच कितीतरी माणसांनी लेणी पाहिलेली नाहीत. पावसाळ्यात डोंगर हिरवा असतो, समोर दरी पसरलेली असते आणि कातळातून पाणी झिरपत असते. इथला खडक कच्चा. त्यामुळे खांब झिजले, काही भाग ढासळला, आता ठिकठिकाणी आधार दिलेला दिसतो.

दुसऱ्या क्रमांकाचे लेणे सर्वांत मोठे. मधला मंडप साधारण ऐंशी फूट लांब आणि तेवढाच रुंद. भोवती खांबांची रांग, बाजूंना राहण्याच्या खोल्या आणि मागे गाभारा. ज्यांनी अजिंठ्याचे विहार पाहिले आहेत त्यांना ही रचना लगेच ओळखू येते. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका जागी राहत, अध्ययन करीत, त्यालाच आपण वर्षावास म्हणतो. ऐन वर्षावासात आम्ही अशा ठिकाणी उभे होतो, म्हणून मन भरून आले होते.

तेवढ्यात नववीतली एक मुलगी गाभाऱ्यातून बाहेर आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही सूचनाफलकावर 'बौद्ध लेणी' असे लिहिले होते. मग मूर्तीच्या डोक्यावर नागाचा फणा कसा?"

मित्रहो, मुचलिंद नागराजाची कथा सांगून आम्हाला वेळ मारून नेता आली असती. क्षणभर ते मनातही आले. पण फणा असलेली ती मूर्ती जैनांचे तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांची मानली जाते, हे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक असूनही फलकावर आम्ही आपल्या सोयीचे तेवढेच लिहिले होते. ती चूक आमची, आणि ती आज आपल्या सर्वांसमोर कबूल करतो.

घरी आल्यावर पुन्हा वाचन केले. जेम्स बर्जेस यांनी या लेण्यांची पाहणी करून १८७८ साली अहवाल छापला. त्यांनी ही लेणी जैन मानली. अकराव्या शतकातले मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' नावाचे काव्य रचले. त्यात तेरापूरजवळची लेणी येतात, पार्श्वनाथांची मूर्ती येते आणि लेण्यात अचानक उसळलेल्या पाण्याची कथाही येते. म्हणजे निदान हजार वर्षांपूर्वी हे स्थान जैन म्हणून प्रसिद्ध होते. दुसऱ्या बाजूला, मुख्य लेण्याची रचना अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी इतकी जुळते की, ते मुळात बौद्ध असावे आणि पुढे जैनांकडे गेले असावे, असे काही अभ्यासक म्हणतात. वाद पूर्ण मिटलेला नाही.

हे समजायला तेर पाहावे लागते. तेरणेकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणबरोबर तगरचे नाव आहे. इथले कापड भडोचच्या बंदरात जात असे. इथल्या उत्खननात विटांचा स्तूप सापडला. इथलेच विटांचे त्रिविक्रम मंदिर मागच्या बाजूने अर्धगोल आहे, चैत्यगृहासारखे, आणि पुढे याच गावात संत गोरोबाकाका झाले. व्यापाराच्या गावात सर्व पंथांची माणसे येतात, दान देतात, वास्तू उभारतात. एकाची वास्तू पुढे दुसरा वापरतो. धाराशिवचा डोंगर या तगरच्याच परिसरातला.

बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, इतिहासकाराने रागलोभ बाजूला ठेवून सत्याशी प्रामाणिक राहावे, याचा आग्रह धरला आहे. भगवान बुद्धांनीही कालामांना हेच सांगितले की, केवळ ऐकीव आहे म्हणून काही मानू नका. आपला वारसा दुसऱ्यांनी लपवला तर आपण चिडतो, आणि ते चिडणे योग्यच आहे. मग दुसऱ्याचा वारसा आपल्या फलकावरून पुसताना आपल्याला काहीच कसे वाटत नाही?

दुपारी आम्ही रामलिंगला गेलो. महामार्ग सोडून थोडे आत गेले की जमीन एकदम खाली उतरते. दरीच्या तळाशी महादेवाचे मंदिर, पलीकडे पावसाळी धबधबा, झाडांवर माकडांच्या टोळ्या. आपल्या दुष्काळी जिल्ह्यात एवढे जंगल पाहून मुले हरखली. १९९७ साली या भागाला अभयारण्य घोषित केले. क्षेत्र अवघे बावीस चौरस किलोमीटरच्या आसपास. पण २०२४ च्या डिसेंबरात विदर्भातल्या टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत इथे आला आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यात दिसला! एवढ्याशा जंगलाचाही त्याला आसरा वाटला. आम्ही मात्र तिथे पाहिले ते माकडांच्या हातातले कुरकुऱ्यांचे पुडे. आमच्या मुलांनी ते गोळा केले, दोन पोती भरली. त्यातले काही पुडे आमच्याच गाडीतून आलेले होते, हेही सांगितले पाहिजे.

आता पुढच्या वर्षाविषयी. फलकावर फक्त 'धाराशिव लेणी' एवढेच लिहिले जाईल. प्रत्येक विद्यार्थ्याने वही आणि मोजपट्टी घेऊन यावे, खांब मोजावेत, खोल्या मोजाव्यात, जे दिसेल ते लिहावे. भिंतीवर खडूचीही रेघ ओढू नये. खाऊ घरून डब्यात आणावा.

आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला, तिला पुढच्या सहलीत लेण्यांची माहिती सांगण्याचे काम द्यावे, अशी कार्यकारिणीला आमची विनंती आहे. माहिती ती सांगेल; आम्ही मागे उभे राहून ऐकू.

जयभीम. नमो बुद्धाय.