शेजारधर्म
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. पण गेल्या महिन्याच्या सभेत दोघी-तिघींनी मला एक प्रश्न विचारला, आणि चिटणीसबाई म्हणाल्या, "याचे उत्तर वर्धापनदिनाला सर्वांसमोरच द्या." म्हणून हे धाडस करीत आहे.

प्रश्न असा होता : पाण्याच्या टाकीमागे राहणाऱ्या नर्सबाईंच्या घरी रविवारी संध्याकाळी चार घरची माणसे जमतात, गाणी म्हणतात, ते नेमके काय करतात? तुम्ही वसईला ख्रिस्ती लोकांत अकरा वर्षे राहून आलात, तुम्हाला ठाऊक असेल. विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण वस्तीत कुजबुज चालू आहे, हे आपण सर्वजणी जाणतो. एका घरी मुलांना "त्या अंगणात खेळायला जाऊ नका" असे सांगितले गेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नर्सबाई आल्या नाहीत, असे कोणी म्हणाले. पण त्यांना बोलावणेच गेले नव्हते. तेव्हा आज यावर बोललेले बरे.

आमचे हे २००२ साली वसई पूर्वेच्या एका कारखान्यात लागले. आम्ही निर्मळ गावाजवळच्या एका वाडीत भाड्याने राहिलो, ते २०१३ पर्यंत. निर्मळला तळ्याकाठी शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे, तिथे कार्तिकात मोठी यात्रा भरते. आणि त्याच गावात होली क्रॉस चर्चही आहे. आमच्या घरमालकीण बाई सामवेदी ख्रिस्ती. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. लाल लुगडे नेसायच्या, अंगणात केळी आणि पानवेल, आणि पहाटेच्या गाडीने फुले-भाजी मुंबईला न्यायची, असा त्यांचा संसार. घरात त्या आपल्या सामवेदी बोलीत बोलत, आमच्याशी मराठीत. त्याच भागात वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा निरनिराळ्या समाजांचे ख्रिस्ती लोक आहेत. प्रत्येकाची बोली वेगळी, लग्नातल्या रीती वेगळ्या, दागिने वेगळे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगिजांचे राज्य गेले. पण ही कुटुंबे आपल्या वाड्यांत, आपल्या बोलीत तशीच नांदत राहिली.

एका चर्चच्या हद्दीत जेवढी कुटुंबे येतात, त्या सर्वांना मिळून ते 'धर्मग्राम' म्हणतात. हा शब्द मला फार आवडला. गाव म्हटले म्हणजे सगळे एका जातीचे, एका बोलीचे थोडेच असतात? पण वेस एक असते, पाणवठा एक असतो.

मावशींनी मला एक गोष्ट सांगितली ती सांगते. त्यांच्या लहानपणी चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिन भाषेत होत असे. फादर वेदीकडे तोंड करून म्हणत आणि बायका मागे आपली जपमाळ ओढीत बसत. "देव ऐकत होता, पण आम्हाला काही कळत नव्हते," असे मावशी म्हणायच्या. पुढे रोमला १९६२ ते १९६५ अशी मोठी धर्मपरिषद भरली. लोकांच्या भाषेत उपासना करण्यास तिने १९६३ च्या डिसेंबरात वाट मोकळी करून दिली. मग वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. मावशी सांगत की पहिल्यांदा मराठी मिस्सा ऐकली तेव्हा त्यांच्या सासूबाई रडल्या होत्या. आपल्या ज्ञानोबामाउलींनी गीता मराठीत आणली तेव्हा आपल्या आयाबायांना काय वाटले असेल, ते मला तेव्हा उमगले. आणि हे वेड त्यांच्यात आजचे नाही. इंग्लंडातून आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत रचले, सुमारे अकरा हजार ओव्या, आणि ते १६१६ साली गोव्यात राशोलला छापले गेले. जात्यावरची आपली ओवी ती इतक्या लांबच्या माणसालाही गोड लागली.

मी मावशींबरोबर पुष्कळदा चर्चला गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितले, "तू बस, ऐक, गाणी म्हण. पण प्रसादाच्या रांगेत येऊ नको. तो बाप्तिस्मा होऊन तयारी केलेल्यांनाच देतात." मला या स्पष्टपणाचा राग आला नाही, उलट बरे वाटले. अकरा वर्षांत मला कोणी "तू आमच्यात ये" म्हटले नाही. माझ्या देव्हाऱ्यातली तुळजाभवानी जिथे होती तिथेच आहे.

मिस्सेत एक क्षण येतो, तो मी कधी विसरणार नाही. फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या; आणि सगळी माणसे शेजारच्याकडे वळून हात जोडून नमस्कार करतात. इतर देशांत हात हातात घेतात. आपल्या देशात नमस्काराची रीत घेतली आहे. शेजारी कोण बसले आहे हे पाहायचे नाही. कोळीण असो, मास्तरीण असो, कालच भांडण झालेली जाऊ असो. आमच्या वाडीतल्या दोन घरांचे बांधावरून बोलणे बंद होते. पण रविवारी एका बाकावर आल्या की त्या दोघींना हात जोडावेच लागत. भांडण त्याने मिटले नाही. पण ते वाढलेही नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले.

मावशींची लेक वसई रोड स्टेशनच्या बाजूला दिलेली होती. तिकडचा धर्मग्राम आणखी निराळा. गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, तामिळनाडूचे लोक नोकरीधंद्यासाठी येऊन राहिलेले. एक मिस्सा मराठीत, एक इंग्रजीत. मोठ्या सणाला मात्र एकच मिस्सा, आणि त्यात एक वाचन या भाषेत, एक गाणे त्या भाषेत. मंगळूरकडच्या बायका ८ सप्टेंबरला मारियेच्या जन्माचा सण करतात. त्यात शेतातली नवी कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात, आणि घरी येऊन ते नवे दाणे सर्वांनी मिळून खातात. मला आपली येळवस आठवली. आपणही मार्गशीर्षातल्या अवसेला शेतात कोप घालून भज्जी आणि आंबील करतो, आणि बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालतो. त्या दिवशी आपण कोणाला जात विचारतो का?

आता कामाचे सांगते, कारण आपल्या मंडळाला त्याचा उपयोग आहे. चर्च झाडणे, फुले मांडणे, वाचन करणे, सणाला मंडप घालणे, ही कामे वाडीवार पाळीने ठरलेली असत. ज्या वाडीची पाळी, त्या वाडीतल्या श्रीमंत-गरीब सगळ्यांनी हात लावायचा. घरी माणूस गेले तर वाडीतल्या बायका न सांगता येत, चूल त्या सांभाळीत, आणि संध्याकाळी घरोघरची माणसे त्या घरी जमून प्रार्थना करीत. गरीब घराला मदत करायची तर दोघे जण अंधार पडल्यावर जात. कोणाला किती दिले, हे फळ्यावर लिहीत नसत.

तिथे सगळे गोडच होते असे मी म्हणत नाही. मराठीवाले आणि इंग्रजीवाले यांच्यात कुरबुर असे. मराठी मिस्सेला म्हातारी माणसे जास्त, इंग्रजीला पोरे जास्त, याचे मावशींना दुःख होते. एका समाजाने दुसऱ्या समाजात मुलगी द्यायची म्हटली की घरात आठ दिवस अबोला. बाक एक असला तरी आपले-परके मनात असतेच. पण पुढच्या रविवारी पुन्हा त्याच बाकावर यायचे असते, म्हणून तुटेपर्यंत कोणी ताणत नाही. एकत्र येण्याचा नेमच मला त्यात मोठा वाटतो.

आपल्या गावाला हे नवीन वाटण्याचे कारण नाही. गोरोबाकाका आपल्या तेरचे. त्यांच्या घरी जमलेली संतमंडळी पाहा : कोणी शिंपी, कोणी माळी, कोणी सोनार, आणि घरधनी कुंभार. आपल्या गावात ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाला दोन्ही धर्मांची माणसे जातात. जानेवारी २०२० मध्ये इथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नगरीला नाव गोरोबाकाकांचे, आणि अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो! मला तर माहेरचे माणूस आल्यासारखे झाले. त्यांनी २४ वर्षे चालवलेले 'सुवार्ता' मासिक मावशींच्या घरी येत असे. वाचायची माझी गोडी त्यातूनच वाढली. संपूर्ण बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वसईची हिरवी वाडी वाचावी म्हणून ते रस्त्यावर उतरले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून तेव्हा काहींनी विरोध केला. पण ते पाठीच्या दुखण्याने बेजार असताना आले आणि मराठीत बोलले. ना. धों. महानोरांनी उद्घाटन केले. आज ते दोघेही नाहीत. महानोर २०२३ साली गेले, फादर २०२४ च्या जुलैत. पण आपल्या गावाने त्या वेळी त्यांना मानाने बसवले, याचा मला अभिमान आहे. पाहुण्याला आपण मान दिला. मग शेजारणीला बोलावणे का जाऊ नये?

आणखी एक सांगते. माझे माहेर सास्तूरच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. गणपती बोळवून लोक निजले होते. दगडमातीची माळवदाची घरे एका क्षणात बसली. माझी शाळा तिथेच संपली. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही राहत होतो. तिथे पांढऱ्या साडीतल्या दोन सिस्टर आल्या. त्यांचे बोलणे आम्हाला कळत नव्हते, आमचे त्यांना. माझी आई दोन दिवस कोणाला जवळ येऊ देत नव्हती. त्यातल्या एकीने पाणी तापवून आईच्या केसांतली माती धुतली आणि वेणी घातली. त्या दिवशी आई पहिल्यांदा जेवली.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मी गेल्या दोन रविवारी नर्सबाईंच्या घरी जाऊन बसले. जमतात ती चारच घरे. नर्सबाई केरळच्या, मल्याळम बोलणाऱ्या. त्यांच्याकडे उपासनेची रीतच निराळी, तिला त्या कुर्बाना म्हणतात. दुसऱ्या बाई मंगळूरकडच्या, घरी कोकणी. तिसरे घर जालन्याकडचे, आपल्यासारखेच मराठी. चौथे तामिळ. कामाच्या पाळ्यांमुळे दर रविवारी सगळ्यांना चर्चला जाणे जमत नाही, म्हणून संध्याकाळी एकत्र बसतात. जपमाळ होते, एखादे गाणे होते, आजाऱ्यांची नावे घेतात. माझ्या शेजारच्या आजींचे गुडघ्याचे ऑपरेशन व्हायचे होते, त्यांचेही नाव नर्सबाईंनी घेतले. शेवटी येशूने शिकवलेली प्रार्थना चौघींनी एकदमच म्हटली, प्रत्येकीने आपापल्या भाषेत. मला त्यातली मराठी तेवढी कळली. त्यात रोजची भाकर मागतात, आणि जसे आम्ही दुसऱ्याला माफ करतो तसे आम्हाला माफ कर, असे म्हणतात. चार भाषा असूनही संपल्या एकदमच. नंतर चहा झाला. बायांनो, हेच ते, जे दाराआड चालते असे आपण म्हणत होतो. आणि दार तर उघडेच होते.

भाषण लांबले. पण नुसते बोलून भागत नाही, म्हणून आपल्या सभेपुढे तीन सूचना ठेवते.

पहिली : यंदा हळदीकुंकवाचे बोलावणे वस्तीतल्या प्रत्येक घरी जावे. ज्यांचे कुंकू गेले त्या भगिनींनाही जावे आणि ज्या कुंकू लावत नाहीत त्यांनाही जावे. कुंकू ज्यांना नको त्यांना तिळगूळ आणि फूल द्यावे. येणे न येणे त्यांच्या मर्जीवर. बोलावणे धाडणे आपल्या हाती आहे.

दुसरी : मंडळाची कामे गल्लीवार पाळीने वाटून द्यावी. सतरंज्या घालण्यापासून हिशोब वाचण्यापर्यंत ठरावीक चौघींवरच सगळे पडते, आणि बाकीच्या पाहुण्यांसारख्या येतात.

तिसरी : आपल्या महिन्याच्या भजनात दर वेळी एका घरचे एक गाणे त्यांच्या भाषेत ऐकावे. आपल्यात तेलुगू बोलणाऱ्या आहेत, कानडी आहेत, उर्दू आहेत, लमाणी आहेत. अर्थ त्यांनीच सांगावा.

नर्सबाई आज इथे आल्या आहेत. मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी पुढे येऊन बसावे, अशी मी अध्यक्षबाईंच्या परवानगीने विनंती करते, आणि आपल्यापैकी कोणीतरी त्यांना जागा करून द्यावी.